शरीरसंस्था समजून घेण्यासाठी घरी आणि वर्गात करता येणारे प्रयोग

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मानवी शरीराचा विषय निघाला की थर्माकोलचे हृदय, रंगवलेल्या नळ्यांचे आतडे आणि फुग्यांची फुप्फुसे हमखास मांडलेली दिसतात. अशा प्रतिकृतींतून अवयवाचा आकार आणि त्याची जागा कळते. तो अवयव काम कसे करतो आणि परिस्थिती बदलली की त्याच्या कामात काय फरक पडतो, हे मात्र त्यांतून कळत नाही. ते कळण्यासाठी लागणारे सर्वांत चांगले साधन प्रत्येक मुलाजवळ असतेच, आणि ते म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर. म्हणून पुढील प्रयोगांत प्रतिकृतींना कमी जागा दिली आहे आणि मोजमापाला जास्त.

सर्व प्रयोगांना दोन नियम लागू आहेत. पहिला नियम असा की, प्रयोगापूर्वी काय घडेल याचा अंदाज प्रत्येकाने वहीत लिहावा आणि नंतर तो खोडू नये. दुसरा नियम असा की, जे बदलून पाहायचे ते एकच बदलावे आणि काहीही न बदललेला एक नमुना तुलनेसाठी शेजारी ठेवावा. हे दोन नियम पाळले नाहीत तर प्रयोगाचा जादूचा खेळ होतो. मुलांना मजा येते, पण हाती काही लागत नाही.

नाडी आणि हृदय

नाडी मोजण्यासाठी तळहात वर करून मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला तर्जनी आणि मध्यमा ही दोन बोटे हलकेच टेकवावीत. अंगठ्याने नाडी पाहू नये, कारण अंगठ्यात स्वतःचा ठोका जाणवतो आणि मोजणारा आपलेच ठोके दुसऱ्याच्या नावावर मांडतो. ठोका दिसावा अशी इच्छा असेल तर भिजवलेल्या कणकेची हरभऱ्याएवढी गोळी घेऊन तीत काडेपेटीची काडी उभी खोचावी आणि हात टेबलावर स्थिर ठेवून ती गोळी नाडीच्या जागी बसवावी. प्रत्येक ठोक्यासरशी काडीचे टोक किंचित झुकते. गोळी अचूक जागी बसेपर्यंत ती थोडी इकडेतिकडे सरकवावी लागते.

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात. लहान मुलांचे ठोके त्याहून जलद असू शकतात. येथे किती वेळ मोजायचे हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, परंतु त्यावर थांबून विचार करावा. १५ सेकंद मोजून चाराने गुणले तर मोजणीतील एका ठोक्याची चूक उत्तरात चार ठोक्यांची होते, म्हणून विश्रांतीची नाडी पूर्ण मिनिटभर मोजणे चांगले. व्यायामानंतर मात्र नाडी इतक्या झपाट्याने खाली येते की मिनिटभर मोजत बसल्यास सर्वांत वरचा आकडा निसटून जातो. तेथे पहिली १५ सेकंदेच मोजावी लागतात आणि वाढलेली चूक पत्करावी लागते. मोजमापात अशी तडजोड करावी लागते, हे मुलांना सांगण्यापेक्षा दोन्ही पद्धतींनी मोजायला लावून त्यांच्याच आकड्यांतून दाखवावे.

यानंतर आडवे पडून, बसून, उभे राहून आणि दोन मिनिटे जागच्या जागी धावून अशा चार अवस्थांत नाडी नोंदवावी. बहुतेक मुले धावण्याचा परिणाम बरोबर ओळखतात, पण नुसते उठून उभे राहिल्यानेही ठोके वाढतात हा अंदाज फार थोड्यांचा असतो. उभे राहताच रक्त पायांकडे उतरते आणि मेंदूकडील पुरवठा टिकवण्यासाठी हृदयाला वेग वाढवावा लागतो. धावून झाल्यावर दर मिनिटाला नाडी मोजून ती मूळ आकड्यावर येईपर्यंतचा आलेख काढावा. रोज खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या मुलांच्या आलेखांतील उतार पाहण्यासारखे असतात, मात्र ही तुलना चिडवण्यावर जाऊ नये याची काळजी मोठ्यांनी घ्यावी. दमा किंवा हृदयविकार असलेल्या मुलाने धावू नये. नोंदी ठेवण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.

शांत बसून, डोळे मिटून, सावकाश आणि खोल श्वास घेत नाडीवर लक्ष ठेवले तर आणखी एक गोष्ट जाणवते. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद पडतात आणि सोडताना मंदावतात. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये हा फरक अधिक स्पष्ट असतो. तो आजार नसून हृदय आणि श्वसन यांवर चेतासंस्थेचे एकत्र नियंत्रण असल्याची खूण आहे. पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवल्या जाणाऱ्या तीन संस्था येथे एका मनगटावर भेटतात, त्यामुळे हा प्रयोग मला साऱ्यांत उजवा वाटतो.

हृदयाचा आवाज ऐकण्यासाठी एका नरसाळ्याच्या रुंद तोंडावर कापलेला फुगा ताणून बसवावा आणि निमुळत्या टोकाला हातभर लांबीची रबरी नळी जोडावी. नरसाळे छातीच्या मध्यापासून थोडे डावीकडे ठेवून नळीचे दुसरे टोक कानाजवळ धरावे, कानात खुपसू नये. साधन करायला वेळ नसेल तर जाड कागदाची घट्ट सुरळीही पुरते. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रने लायनेक या डॉक्टरांनी एका रुग्ण स्त्रीच्या छातीला थेट कान लावणे टाळण्यासाठी कागदाची सुरळीच वापरली आणि त्यातूनच स्टेथोस्कोप जन्माला आला. ऐकू येणारे 'लब्-डब्' हे दोन आवाज हृदयातील झडपा मिटताना होतात. पहिला आवाज कर्णिका (हृदयाचे वरचे कप्पे) आणि जवनिका (खालचे कप्पे) यांच्यामधील झडपांचा असतो आणि दुसरा जवनिकांतून बाहेर जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपांचा.

झडपांचा विषय निघाला आहे तर शिरांमधील झडपाही पाहून घ्याव्यात. त्यासाठी हातावरील शिरा ठळक दिसतात अशा मोठ्या माणसाची मदत लागते. त्याने हात थोडा वेळ खाली लोंबता ठेवावा म्हणजे शिरा फुगतात. मनगटाकडच्या एका जागी शीर बोटाने दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने त्या जागेपासून कोपराच्या दिशेने शीर निपटत जावे. मधल्या एखाद्या फुगीर गाठीच्या पुढे बोट नेऊन ते उचलले, तरी गाठीपासून खालचा भाग रिकामाच राहतो, कारण वरचे रक्त झडपेमुळे मागे येऊ शकत नाही. मनगटाजवळचे बोट उचलताच मात्र शीर खालून भरते. रक्त शरीरात फिरते हे सिद्ध करताना विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच पुरावा चित्रांसह दिला होता. त्यांनी दंडाला पट्टी बांधली होती, पण मुलांच्या प्रयोगात काहीही आवळून बांधू नये.

श्वसन

तळ कापलेली बाटली, आत टांगलेला फुगा आणि तळाशी ताणलेले रबर ही श्वसनाची प्रतिकृती सर्वांना माहीत आहे. रबर खाली ओढले की बाटलीतील हवेचा दाब कमी होतो, बाहेरची हवा आत शिरते आणि फुगा फुगतो. श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा स्नायूचा पडदा, खाली गेल्याने फुप्फुसात हवा येते, हे तत्त्व त्यातून कळते. पण ही प्रतिकृती दोन ठिकाणी दिशाभूल करते. बाटलीची भिंत कडक असते, छातीचा पिंजरा मात्र श्वासाबरोबर वर आणि बाहेर सरकतो. शिवाय फुग्याभोवती मोकळी जागा असते, तर फुप्फुसे छातीच्या भिंतीला आतून जवळजवळ चिकटलेली असतात. म्हणून प्रतिकृती दाखवल्यावर लगेच शिंप्याची फीत घेऊन पूर्ण श्वास घेतल्यावर आणि सोडल्यावर छातीचा घेर मोजावा आणि बाटलीत कशाची उणीव आहे हे मुलांनाच विचारावे.

फुप्फुसांतून एका दमात किती हवा बाहेर पडते हे मोजण्यासाठी पाच लिटरचा पारदर्शक कॅन, रबरी नळी आणि पाण्याची टाकी किंवा मोठे टब लागते. तेलाचा कॅन असेल तर तो गरम पाण्याने आणि साबणाने नीट धुवावा. कॅन पाण्याने काठोकाठ भरून, तोंडावर हात धरून टबातील पाण्यात उलटा करावा आणि नळीचे एक टोक कॅनच्या तोंडातून आत सरकवावे. प्रयोग करणाऱ्याने पूर्ण श्वास घ्यावा, नाक चिमटीत धरावे आणि नळीतून शक्य तेवढी हवा सोडावी. हवा कॅनमध्ये चढते आणि तेवढे पाणी बाहेर पडते. मग कॅनला पाण्याखालीच झाकण लावून तो सरळ करावा आणि काठापर्यंत भरायला किती पाणी लागते ते मापाने मोजावे. कॅनवर आधीच खुणा करण्यापेक्षा या रीतीने चूक कमी होते. एका वेळी एकदाच फुंकावे, घेरी आल्यासारखे वाटले तर लगेच बसावे आणि नळीचे तोंड दर वेळी साबणाने धुवावे.

प्रौढांमध्ये हे माप साधारण ३ ते ५ लिटर भरते. दहा-बारा वर्षांच्या मुलांमध्ये ते अर्थातच बरेच कमी असते. नेहमीच्या शांत श्वासात प्रौढ माणूस जेमतेम अर्धा लिटर हवा आतबाहेर करतो, हा फरक याच साधनाने दाखवता येतो. कितीही जोर लावला तरी फुप्फुसे पूर्ण रिकामी होत नाहीत, प्रौढांमध्ये लिटरभराहून अधिक हवा आत उरतेच. इंग्लंडमधील जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये अशाच तत्त्वावरील यंत्राने दोन हजारांहून अधिक माणसांची मापे घेतली आणि ही क्षमता उंचीबरोबर वाढते असे दाखवून दिले. वर्गातील प्रत्येकाची उंची आडव्या अक्षावर आणि हवेचे माप उभ्या अक्षावर घेऊन ठिपके मांडले तर तोच कल कितपत दिसतो, हे मुलांना स्वतः तपासता येते.

श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसाठी चुन्याची निवळी करावी. पानात खायचा साधा चुना चमचाभर घेऊन लिटरभर पाण्यात ढवळावा, भांडे झाकून रात्रभर ठेवावे आणि सकाळी वरचे नितळ पाणी हलकेच काढून घ्यावे. हे काम मोठ्यांनी करावे, कारण चुना डोळ्यांत गेल्यास इजा होते. दोन पेल्यांत सारखी निवळी घेऊन एकीत नळीने सावकाश फुंकावे आणि दुसरीत सायकलच्या पंपाने खोलीतली हवा सोडावी. निवळी ओढली जाऊ नये म्हणून नळीतून श्वास आत घ्यायचा नाही, हे आधी दोनदा बजावावे. फुंकलेली निवळी लवकर दुधाळ होते. साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो आणि उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, त्यामुळे पंपाची निवळी बराच वेळ नितळ राहते. पंपाचा हा पेला बहुतेक ठिकाणी वगळला जातो आणि मग निवळी श्वासाने पांढरी झाली की नुसत्या बुडबुड्यांनी, हे सांगता येत नाही.

पचन

पचनाचा सर्वांत सोपा प्रयोग तोंडातच होतो. पोळीचा किंवा भाताचा एक घास न गिळता मिनिटभर चावत राहावे. हळूहळू गोडसर चव येऊ लागते, कारण लाळेतील टायलिन हे विकर (एन्झाइम, म्हणजे पचन घडवून आणणारा पदार्थ) पिष्टमय पदार्थांचे माल्टोज या शर्करेत रूपांतर करू लागते. पण चवीवर मतभेद होतात, म्हणून रंगाचा पुरावा मिळवावा.

त्यासाठी तांदळाच्या पिठाचा अर्धा चमचा पेलाभर पाण्यात शिजवून पातळ पेज करावी आणि ती कोमट होऊ द्यावी. औषधाच्या दुकानात जखमेवर लावण्यासाठी मिळणारे पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून फिकट पिवळसर करावे. पिष्टमय पदार्थ असतील तेथे हे द्रावण निळे-काळे होते. चार लहान वाट्यांत प्रत्येकी दोन चमचे पेज घ्यावी. पहिलीत अर्धा चमचा पाणी घालावे, दुसरीत तेवढीच लाळ, तिसरीत उकळून गार केलेली लाळ आणि चौथीत लाळेबरोबर अर्धा चमचा व्हिनेगर. सर्वांचे प्रमाण सारखे राहावे म्हणून पहिल्या तीन वाट्यांतही अर्धा चमचा पाणी वाढवावे. लाळ एकाच मुलाची असावी आणि ती गोळा करण्यापूर्वी त्याने चूळ भरलेली असावी. चारही वाट्या कोमट पाण्याच्या परातीत ठेवाव्यात. पाणी ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असले म्हणजे पुरे.

आता दर दोन मिनिटांनी प्रत्येक वाटीतील एक थेंब पांढऱ्या बशीवर घेऊन त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकावा. प्रत्येक वाटीसाठी वेगळा चमचा वापरावा, कारण लाळेचा अंश पहिल्या वाटीत गेला तर सगळी तुलना फुकट जाते. दुसऱ्या वाटीतील थेंब आधी निळा-काळा, मग जांभळट, मग तांबूस होत जातो आणि शेवटी पिवळाच राहतो. मधले रंग म्हणजे पिष्टाची लांब साखळी तुटत चालल्याची पायरी होय. बशीवर थेंबांच्या रांगा वेळेच्या क्रमाने मांडल्या तर पचनाची प्रगती एका दृष्टिक्षेपात दिसते. लाळेची ताकद माणसागणिक बदलत असल्याने कोणाला पाच मिनिटे पुरतात, तर कोणाला वीस लागतात. घाई न करता थांबावे.

पहिल्या वाटीचा रंग बदलत नाही, म्हणजे पिष्ट आपोआप मोडलेले नाही. तिसरीचा रंगही बदलत नाही, कारण विकर हे प्रथिन असते आणि उकळल्याने त्याची रचना बिघडते. चौथीत आम्लामुळे विकराचे काम थांबते. लाळेने सुरू केलेले पिष्टाचे पचन जठरातील आम्ल घासात मुरल्यावर का थांबते, याचे उत्तर या वाटीत आहे. येथे व्हिनेगरऐवजी लिंबाचा रस वापरण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो टाळावा. लिंबातील क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवते आणि पिष्ट शिल्लक असूनही ते संपल्याचा भास होतो. क जीवनसत्त्वाचा हा गुण स्वतंत्र प्रयोगासाठी उत्तम आहे, या प्रयोगात मात्र तो खोटी साक्ष देतो. प्रयोगातील काहीही तोंडात घालू नये आणि वाट्या नंतर स्वच्छ धुवाव्यात.

चेतासंस्था आणि ज्ञानेंद्रिये

प्रतिक्रियेचा वेळ मोजायला ३० सेंटिमीटरची पट्टी पुरते. एकाने पट्टी वरून उभी धरावी, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवावी आणि पट्टी न सांगता सोडताच ती पकडावी. पट्टी जेवढी खाली घसरली त्यावरून वेळ काढता येतो: १० सेंटिमीटरला सुमारे ०.१४ सेकंद, १५ ला ०.१७, २० ला ०.२० आणि २५ ला ०.२३ सेकंद. एका प्रयत्नावर निष्कर्ष काढू नये. दहा प्रयत्न करावेत आणि मधला आकडा धरावा. दहा सेंटिमीटरच्या आत पट्टी पकडली गेली तर बहुधा पकडणाऱ्याने आधीच अंदाज बांधून बोटे मिटलेली असतात. नंतर डोळे मिटून, केवळ "सोडली" या शब्दावर किंवा मनगटाला केलेल्या स्पर्शावर पट्टी पकडावी, आणि मग तोंडाने सतराचा पाढा म्हणत पकडावी. पाढा म्हणताना आकडे वाढतात, यातून गाडी चालवताना फोनवर बोलण्याचा धोका मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

त्वचेची संवेदना तपासण्यासाठी केसांची पिन वाकवून तिची दोन टोके ठरावीक अंतरावर आणावीत आणि डोळे मिटलेल्या मुलाच्या त्वचेला ती एकाच वेळी हलकेच टेकवावीत. बोटाच्या टोकावर २ ते ३ मिलिमीटर अंतरावरचे दोन स्पर्श वेगळे कळतात, पाठीवर मात्र ते वेगळे कळण्यासाठी अंतर ३ ते ४ सेंटिमीटर ठेवावे लागते. मधूनमधून एकच टोक टेकवावे, नाहीतर मुले सवयीने "दोन" म्हणत राहतात. जर्मनीतील एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये ही मापे पद्धतशीरपणे मांडली होती.

डोळ्यातील अंधबिंदू शोधण्यासाठी कागदावर डावीकडे फुली आणि तिच्यापासून ८ सेंटिमीटर उजवीकडे ठळक ठिपका काढावा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत कागद हळूहळू जवळ आणावा. डोळ्यापासून ३० सेंटिमीटरच्या आसपास ठिपका नाहीसा होतो. तेव्हा ठिपक्याची प्रतिमा डोळ्यातील ज्या जागी पडते तेथून दृष्टिचेता बाहेर पडते आणि तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. हाच ठिपका एका लांब रेघेवर काढला तर ठिपका जातो, पण रेघ सलग दिसते, कारण मोकळी जागा मेंदू आजूबाजूच्या माहितीवरून भरून काढतो.

हाडे आणि स्नायू

कोंबडीच्या तंगडीचे मांस काढून स्वच्छ केलेले हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे, दुसरे तसेच हाड साध्या पाण्यात ठेवून फ्रिजमध्ये ठेवावे आणि व्हिनेगर दोन दिवसांनी बदलावे. काही दिवसांत व्हिनेगरमधील हाड वाकू लागते. कॅल्शियमचे क्षार विरघळून जातात आणि कोलॅजेन या प्रथिनाचा लवचिक सांगाडा उरतो. मांसाहार न करणाऱ्या घरांत अंड्याचे कवच वापरण्याचा पर्याय सुचवला जातो, परंतु कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे आणि हाडातील क्षार मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचे असतात, त्यामुळे हाडाच्या जागी कवच चालत नाही.

स्नायूंसाठी चिकनच्या दुकानात फेकून दिला जाणारा कोंबडीचा पंजा मागून आणावा. तोडलेल्या टोकाशी पांढरे, चिवट स्नायुबंध दिसतात. एकेक चिमट्याने धरून ओढला की बोटे मिटतात किंवा उघडतात. नंतर हात साबणाने धुऊन स्वतःच्या कोपराखालील भागावर दुसरा हात ठेवावा आणि बोटे हलवावीत. बोटे मिटणारे जोमदार स्नायू बोटांत नसून तेथे, कोपराखाली असतात आणि मनगटातून गेलेल्या लांब स्नायुबंधांनी बोटे ओढतात. शेवटी तळहात टेबलावर पालथा ठेवून मधले बोट आत दुमडावे आणि अनामिका वर उचलून पाहावी. बहुतेकांना ती उचलता येत नाही, कारण मधले बोट आणि अनामिका यांना सरळ करणारे स्नायुबंध पंजाच्या मागील बाजूस एकमेकांना जोडलेले असतात. तर्जनी आणि करंगळी सहज का उचलली जातात, हे शोधण्यासाठी त्या बोटांना स्वतःचे वेगळे स्नायू आहेत एवढी सूचना द्यावी आणि पुढचे मुलांवर सोपवावे.